सव्वीसावी प्रजाती आणि चारशेवी साळुंकी: नागरिक विज्ञानातल्या गुणांच्या खेळाविषयी

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा भारदस्त छापलंय, त्यानं दचकू नका. प्रश्न साधा आहे. पक्षी, झाडं, फुलपाखरं यांच्या नोंदी करायला जी माणसं स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या खर्चानं बाहेर पडतात, त्यांना गुण, बिल्ले आणि क्रमांक दिले तर काय होतं? ती जास्त दिवस टिकतात का? माहिती चांगली देतात का? आणि हे सगळं झाल्यावर त्यांचं पर्यावरणाशी वागणं बदलतं का?

आधी शब्दांचं बघू. 'सिटिझन सायन्स'ला मी नागरिक विज्ञान म्हणणार आहे. लोकविज्ञान हा शब्द कानाला जास्त गोड आहे, पण महाराष्ट्रात त्याला लोकविज्ञान चळवळीचा स्वतंत्र इतिहास आहे, त्यामुळे सरमिसळ नको. आणि 'गेमिफिकेशन'ला गेमिफिकेशनच म्हणणार, कारण 'खेळीकरण' म्हटलं की एखाद्या सरकारी योजनेचं नाव वाटतं. (हशा) २०११ मध्ये सेबास्टियन डिटरडिंग आणि सहकाऱ्यांनी केलेली व्याख्या अजून सगळे वापरतात: जे मुळात खेळ नाही तिथे खेळाच्या रचनेतले घटक वापरणं. व्याख्या ऐसपैस आहे. प्रत्यक्षात बहुतेक ॲपमध्ये तीनच वस्तू सापडतात. पॉइंट, बॅज आणि लीडरबोर्ड. मार्गारेट रॉबर्टसन या गेम डिझायनर बाईंनी २०१० मध्येच याला 'पॉइंट्सिफिकेशन' असं नाव ठेवलं होतं. त्यांचा राग असा की खेळातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग उचलायचा आणि त्यालाच खेळ म्हणायचं.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. या क्षेत्रातले अहवाल, प्रस्ताव, कार्यशाळा यांत तीन दावे एका दमात केले जातात. गुण दिले की माणसं येतात. माणसं आली की चांगली माहिती येते. आणि माहिती गोळा करता करता माणसं पर्यावरणाची काळजी घ्यायला लागतात. पहिल्या दाव्याला पुरावा आहे. दुसऱ्याला अर्धामुर्धा आहे. तिसरा पहिल्या दोघांच्या खांद्यावर बसून फुकट प्रवास करतो. आज या तिसऱ्याला खाली उतरवून त्याच्याशी बोलायचंय.

सुरुवात १९०० सालापासून करू, कारण गेमिफिकेशन हा शब्द नवा असला तरी प्रकार नवा नाही. अमेरिकेत नाताळच्या सुमारास 'साइड हंट' नावाची स्पर्धा चालायची. दोन गट पाडायचे, बंदुका घ्यायच्या, रानात शिरायचं, दिसेल ते पाखरू आणि दिसेल तो प्राणी टिपायचा. संध्याकाळी ज्यांचा ढीग मोठा ते जिंकले. फ्रँक चॅपमन नावाचे पक्षितज्ज्ञ होते, 'बर्ड-लोर' मासिकाचे संपादक. त्यांनी सुचवलं की नाताळच्या दिवशी बाहेर पडाच, पण मारण्याऐवजी मोजा, आणि मोजलेलं आम्हाला कळवा. २५ डिसेंबर १९०० ला २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली आणि सगळ्यांच्या मिळून सुमारे ९० प्रजाती भरल्या. तीच 'ख्रिसमस बर्ड काउंट' आजही चालू आहे, सव्वाशे वर्षं होत आली.

गेमिफिकेशनवाल्यांना ही गोष्ट फार आवडते, आणि का आवडते ते समजतं. खेळ तोच ठेवला: थंडी, मित्रमंडळी, चुरस, संध्याकाळचा हिशोब. बदललं फक्त गुण कशाला मिळणार ते. ढिगाऐवजी यादी. इतकी सुबक गोष्ट क्वचित मिळते. पण जरा थांबा. ते २७ जण कोण होते? ते पक्षिनिरीक्षक होते, पक्ष्यांविषयीचं मासिक वाचणाऱ्यांच्या जगातले लोक. बंदूकवाल्यांनी बंदूक ठेवून वही घेतली, असं ही गोष्ट आपल्याला सुचवते, सांगत मात्र नाही. आणि अमेरिकेत पक्ष्यांची कत्तल आटोक्यात आली त्यात मोठा वाटा कायद्यांचा होता. त्याच १९०० साली लेसी कायदा झाला, पुढे १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा करार-कायदा आला. मोजणीमुळे त्या कायद्यांच्या बाजूनं बोलणारी माणसं आणि आकडे तयार झाले असतील. ते मोठंच काम आहे. पण 'स्पर्धा बदलली म्हणून वागणूक बदलली' हे वाक्य त्यातून निघत नाही. आज जे दावे होतात त्यांच्यातही नेमकी हीच उडी असते. आधीच पक्ष्यांवर प्रेम करणारी माणसं खेळात येतात, खेळानंतर मोजली की पक्ष्यांवर प्रेम करताना आढळतात, आणि श्रेय खेळाला जातं.

आता आपल्या काळात येऊ. यातलं सगळ्यात मोठं आणि मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे ई-बर्ड. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. सुरुवातीचं आवाहन असं होतं: विज्ञानासाठी तुमच्या नोंदी द्या. प्रतिसाद बेताचाच राहिला. दोन-तीन वर्षांनी त्यांनी बाजू पालटली. विज्ञानाला काय हवं यापेक्षा पक्षी बघणाऱ्याला काय हवं ते आधी विचारलं. पक्षी बघणाऱ्याला हवी असते त्याची स्वतःची यादी. आयुष्यात किती प्रजाती पाहिल्या, या वर्षी किती, माझ्या जिल्ह्यात किती, आणि जिल्ह्यात माझ्यापुढे कोण आहे. ते सगळं मिळायला लागल्यावर नोंदी झपाट्यानं वाढल्या. पहिल्या दाव्याला पुरावा आहे म्हटलं, तो हा.

भारतात याचं फळ काय मिळालं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ मध्ये आला तो सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा आहे. त्यांपैकी ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घ काळाचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के प्रजाती घटताहेत. आपला चास, म्हणजे नीलपंख, तारांवर बसलेला असतो म्हणून आपण त्याला गृहीत धरतो, तो ३० टक्क्यांहून अधिक घटलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. पगारी शास्त्रज्ञांची फौज लावूनही हे कोणाला जमलं नसतं. तेव्हा लीडरबोर्ड म्हणजे पाप, असलं सोवळं बोलायला मी आलेलो नाही.

पण हा ६० टक्क्यांचा आकडा निघतो कसा, ते बघा. इथे जरा तपशिलात जावं लागेल, कारण सगळी गोम इथे आहे.

ई-बर्डवर यादी भरून झाली की एक प्रश्न येतो: तुम्ही ओळखलेला प्रत्येक पक्षी या यादीत आहे का? हो म्हणालात की ती 'पूर्ण यादी' होते. विश्लेषण प्रामुख्यानं या पूर्ण याद्यांवर चालतं. कारण पूर्ण यादीत जे लिहिलेलं नाही त्यालाही अर्थ असतो. समजा, एखाद्या तालुक्यात पूर्वी शंभर पूर्ण याद्यांपैकी साठ याद्यांत चास असायचा आणि आता चाळीस याद्यांत असतो. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले, पण पद्धत अशी आहे. म्हणजे विज्ञानाला हवीय ती 'नाही दिसला' ही बातमी. आणि हवीय साळुंकी, कावळा, पारवा, बुलबुल यांची नोंद, तीही पुन्हा पुन्हा, त्याच जागी, पावसाळ्यात, कंटाळा आलेला असताना.

आता त्याच माणसाच्या डोक्यावर टांगलेला गुणफलक बघा. त्यावर पहिला आकडा असतो प्रजातींचा. आज सकाळी तळ्यावर पंचवीस प्रजाती झाल्या; सव्विसावी मिळाली तर आकडा हलतो. साळुंकी चारशेव्यांदा लिहिली तर काही हलत नाही. 'चास नाही दिसला' याला तर गुण देण्याची सोयच नाही. गुणफलक माणसाला सांगतो, नवीन जागी जा, दुर्मीळ शोध, जिथे काल कोणीतरी काहीतरी पाहिलं तिथे धाव. विज्ञान सांगतं, त्याच जागी परत ये आणि तेच परत लिही. ई-बर्डच्या लोकांना हे कळत नाही असं अजिबात नाही. त्यांच्याच फलकावर याद्यांच्या संख्येनुसारही क्रम लावता येतो, आणि विश्लेषणात कोण किती वेळ, किती अंतर फिरलं याचा हिशोब धरला जातो. पण सकाळी चहा पिताना लोक एकमेकांना कुठला आकडा विचारतात? "लायफर मिळाला का?" तेवढाच. याद्या किती झाल्या हे कोणी कोणाला विचारल्याचं माझ्या कानावर तरी आलेलं नाही.

सी. थी न्युएन या तत्त्वज्ञानं यासाठी 'व्हॅल्यू कॅप्चर' असा शब्द वापरला आहे. आपली मूल्यं गुंतागुंतीची, धूसर असतात; त्यांच्या जागी कोणीतरी एक सोपा आकडा ठेवतो, आणि हळूहळू आपण त्या आकड्यालाच आपलं मूल्य समजायला लागतो. व्यायामाला निघालेला माणूस रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझारा घालून दहा हजार पावलं पुरी करतो, तो हा प्रकार. पावलं मोजण्यात फार बिघडत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत प्राणी असतो.

कोकणात पहिल्या पावसाच्या सुमारास तिबोटी खंड्या घरटी करतो. ओढ्याकाठच्या मातीत बीळ, मुठीत मावेल एवढा पक्षी, आणि रंग असा की एकदा पाहिला की विसरत नाही. त्या बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. हे इथल्या पक्षिमित्रांना नवीन नाही. किती वेळा यावर बोलणं झालंय. पिल्लांसाठी पाल नाहीतर खेकडा घेऊन आलेला पक्षी समोर माणसं बघून फांदीवर खोळंबतो. त्या प्रत्येक माणसाच्या ॲपमध्ये त्या दिवशी एक नवीन प्रजाती जमा होते, फोटोसह, पडताळलेली. माहिती म्हणून ती नोंद निर्दोष आहे. वागणूक म्हणून काय आहे? हाच प्रश्न घुबडांच्या दिवसा बसायच्या जागांचा, आणि रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्ष्याला झुडपातून बाहेर काढण्याचा. काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा ई-बर्ड लोकांपासून लपवतं, हे चांगलं आहे. पण जागा लपवावी लागते याचा अर्थच असा की खेळात उतरलेल्या सगळ्यांच्या वागण्यावर खेळ चालवणाऱ्यांचा भरवसा नाही.

आणि पेट्रोलचं काय? मुंबईत २००५ च्या सुमारास सुरू झालेली 'बर्ड रेस' अनेकांना माहीत असेल. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, छोटे संघ, जास्तीत जास्त प्रजाती. तिनं किती माणसांना या छंदात आणलं, आणि वर्षातून एकदा शहरातल्या सगळ्या पक्षिवेड्यांना एका छताखाली जमवलं, हे श्रेय तिचंच. पण त्या प्रकाराचं गणित बघा. एका दिवसात जास्त प्रजाती हव्या तर जंगल, खाडी, माळरान, गोडं पाणी असं सगळं एका दिवसात गाठायला हवं. म्हणजे वाहन हवं, आणि ते दिवसभर पळायला हवं. ज्या खेळात जास्त गाडी चालवणाऱ्याला फायदा आहे, तो खेळ पर्यावरणपूरक वागणूक शिकवतो असं म्हणताना निदान आवाज तरी खाली यावा. एखाद्या वार्षिक सोहळ्यानं फरक पडत नाही, मान्य. पण जिल्ह्यांच्या याद्या पुऱ्या करायला दर शनिवार-रविवारी दोन-दोनशे किलोमीटर जाणारी माणसं आपण सगळेच ओळखतो. ती वाईट माणसं नाहीत. ती खेळ नीट खेळताहेत.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती फार कमी बोलली जाते. फलकावर वरती कोण असणार? ज्याच्याकडे गाडी, चांगली दुर्बीण आणि रविवार मोकळा आहे तो. पहाटे पाच वाजता एकटीनं खाडीवर जाणं जिला परवडत नाही, सुरक्षिततेच्या दृष्टीनं म्हणतोय, ती नाही. गुरं राखताना रोज माळावर असणारा पोरगा, ज्याला धाविक आणि माळटिटवी कुठे अंडी घालते ते पाठ आहे, तो तर नाहीच. क्रमवारी दिसायला कौशल्याची असते. बरीचशी ती सवडीची आणि पैशाची असते.

आता गुणफलकानं माणसं टिकतात का, याकडे. इथेही चित्र सरळ नाही. 'ओल्ड वेदर' नावाचा सुंदर प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. ब्रिटिश आरमाराच्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या जहाजांच्या नोंदवह्या स्कॅन करून ठेवलेल्या, त्यातल्या हवामानाच्या हस्तलिखित नोंदी लोकांनी वाचून टंकायच्या. जुन्या हवामानाचा अभ्यास त्यावर होणार. तुम्ही एक जहाज निवडायचं. थोडं काम केलं की कॅडेट, आणखी केलं की लेफ्टनंट, आणि त्या जहाजावर सगळ्यात जास्त पानं ज्याची, तो कॅप्टन. कॅप्टन एकच. कोणी पुढे गेलं की टोपी त्याच्या डोक्यावर.

लंडनमधल्या संशोधकांनी या स्वयंसेवकांशी बोलून २०१३ मध्ये एक अभ्यास मांडला. काहींना पदांनी खरंच हुरूप आला. काहींना कॅप्टनपद टिकवायचा ताण यायला लागला. काहींनी पाहिलं की आता या जहाजावर कॅप्टन होणं आपल्याला शक्य नाही, आणि काम सोडलं. काहींना वाटलं की वेगाच्या मागे लागलं तर अक्षर लावताना चुका होतील, ही चुरस कामाला शोभत नाही. आणि बऱ्याच जणांना धरून ठेवलं ते भलत्याच गोष्टीनं: वहीत उलगडत जाणाऱ्या जहाजाच्या कहाणीनं. कोण आजारी पडलं, कुठे वादळ लागलं, कोणाला समुद्रात मूठमाती दिली. खेळ बाहेरून चिकटवलेला होता, गोष्ट आत होती.

इथे मानसशास्त्रातला १९७३ चा तो प्रसिद्ध प्रयोग आठवावाच लागतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आधीच आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढताना दिसली. यावरून लोक 'बक्षीस वाईट' असा निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे. अचानक मिळालेल्या बक्षिसानं काहीही बिघडलं नाही. बिघडलं ते 'कर, म्हणजे देतो' या सौद्यानं, आणि तेही ज्यांना आधीच आवड होती त्यांचं. नागरिक विज्ञानाचा स्वयंसेवक म्हणजे नेमका तोच मुलगा. त्याला आधीच आवडतंय.

आता तिसरा दावा. कॉर्नेलच्याच 'बर्डहाउस नेटवर्क' या प्रकल्पाचा ब्रोसार्ड, लेवेन्स्टाइन आणि बॉनी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. लोक अंगणात पक्ष्यांसाठी पेट्या टांगतात, घरट्यांच्या नोंदी ठेवतात. निष्कर्ष काय? पक्ष्यांच्या जीवशास्त्राविषयीचं ज्ञान वाढलं. पर्यावरणाकडे बघण्याच्या दृष्टिकोनात लक्षणीय बदल दिसला नाही. विज्ञान कसं चालतं याच्या आकलनातही नाही. बॉनी हे स्वतः या क्षेत्राच्या संस्थापकांपैकी एक, आणि प्रकल्प त्यांच्याच प्रयोगशाळेचा. आपल्याच घरातल्या निराशाजनक निष्कर्षाखाली सही करायला नियत लागते. मला तो अभ्यास त्यासाठीही आवडतो.

बदल का दिसला नाही, याचं एक कारण सरळ आहे. आलेली माणसं आधीच पर्यावरणाच्या बाजूची होती. वर चढायला जागाच थोडी. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नोंद ठेवणं आणि वागणं यांच्यामध्ये कोणी पूलच बांधलेला नव्हता. घरट्यात अंडी किती हे लिहिल्यानं अंगणात कीटकनाशक मारायचं की नाही हा प्रश्न आपोआप उभा राहत नाही. तो कोणीतरी विचारावा लागतो. आणि त्यावर गुण ठेवले तर आणखी गंमत होते: लोक गुणांपुरतं वागतात आणि ॲपला तसं सांगतात. पिशवी नेली, सायकल चालवली, दिवा मालवला, टिचकी मारा, दहा गुण घ्या. अशा ॲपमधल्या माहितीवरून वागणूक सुधारली म्हणणं म्हणजे पोरानं स्वतःच भरलेल्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यासारखं आहे.

मग चांगली रचना असते का? असते. आणि ती सहसा दिसायला कमी चमकदार असते. ई-बर्डनं, आणि आपल्याकडे बर्ड काउंट इंडियानं, महिन्याची जी आव्हानं ठेवली त्यात एक साधी युक्ती आहे. महिन्यात अमुक इतक्या पूर्ण याद्या भरायच्या, प्रत्येक निदान ठरावीक मिनिटांची. एवढं केलेल्या सगळ्यांमधून एक नाव चिठ्ठी टाकून काढायचं आणि त्याला भेट द्यायची. बघा, काय काय टळलं. प्रजातींची संख्या बाद झाली, त्यामुळे तिबोटी खंड्यामागे धावायचं कारण उरलं नाही. गच्चीवरून भरलेली यादी आणि अभयारण्यात भरलेली यादी सारखीच. पहिला क्रमांक नाही, त्यामुळे टोपी हिसकावणंही नाही. उंबरठा सगळ्यांना ओलांडता येतो, आणि विज्ञानाला जे हवं होतं, म्हणजे पूर्ण आणि नियमित यादी, तेच मोजलं गेलं. सौदा इथेही आहे, नाही असं नाही, पण सैल आहे.

'सिटी नेचर चॅलेंज'चंही थोडक्यात. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातली चुरस म्हणून ते सुरू झालं, दोन वर्षांत जगभर पसरलं. आय-नॅचरलिस्टवर चार दिवसांत कुठल्या शहरात जास्त नोंदी, जास्त प्रजाती, जास्त माणसं. २०२० मध्ये कोविडमुळे आयोजकांनी स्पर्धा बाजूला ठेवली आणि सगळ्यांनी मिळून नोंदी करायचं ठरवलं. शहरं मागे हटली नाहीत. चुरस काढली तर उत्साहच जाईल, हे गृहीतक तितकं पक्कं नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

आणि मग 'सीझनवॉच'. एक झाड निवडा. दर आठवड्याला त्याच झाडाकडे जा. पालवी आहे का, कळ्या, फुलं, फळं, लिहा. संपलं. यात सव्विसावी प्रजाती कधीच येणार नाही. गेमिफिकेशनच्या कार्यशाळेत कोणी ही कल्पना मांडली तर तिला 'एंगेजमेंट नाही' म्हणून बाहेर काढतील. पण वर्षभर एका आंब्याकडे बघितलेल्या शाळेतल्या मुलीला, त्या आंब्याची फांदी केबलवाला तोडायला आला तर काय वाटेल, याचा विचार करा. मी हे सिद्ध झालंय म्हणून सांगत नाही. पण वागणूक बदलण्याचा रस्ता असलाच तर तो ओळखीतून, घसटीतून जातो, असं मला वाटतं. आणि घसट एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यानं होते. प्रजातींचा गुणफलक नेमकं हेच सोडायला शिकवतो.

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिनापर्यंत. शाळांमध्ये, वनविभागाच्या कार्यक्रमांत स्पर्धा होतात, आणि बक्षीस बहुतेक 'सर्वाधिक प्रजाती'ला मिळतं. त्याऐवजी गावच्या एकाच तळ्यावर वर्षभर, महिन्यातून दोनदा, पूर्ण यादी भरणाऱ्या गटाला ते द्या. आणि भेट म्हणून ढाल देऊ नका. त्यांच्याच नोंदींचा आलेख छापून द्या, त्यांच्या भाषेत, एका पानात: तुमच्या तळ्यावर या वर्षी काय आलं, काय आलं नाही. 'ओल्ड वेदर'मध्ये माणसं ज्यासाठी थांबली ती गोष्ट असते, ती इथेही आहे. ती फक्त त्यांना परत सांगितली जात नाही. माहिती वर जाते, आणि खाली येतो तो बिल्ला.

पुढे आणखी एक पायरी आहे, आणि माझ्या मते पर्यावरणपूरक वागणूक म्हणजे खरं तर ही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. या नोंदवहीची कल्पना घडवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. अनेक ठिकाणी ती नोंदवही कोणीतरी एकदाच भरून कपाटात ठेवलेली असते. एकीकडे फोनमध्ये तारीखवार, वेळेसह, नकाशासह नोंदी असलेले स्वयंसेवक, दुसरीकडे त्याच गावची कोरडी नोंदवही, आणि दोघांची गाठ नाही. ज्या दिवशी तळ्याच्या कडेला भरावाचे डंपर उभे राहतात, त्या दिवशी पाच वर्षांच्या साध्या, कंटाळवाण्या, साळुंक्यांनी भरलेल्या याद्या ज्याच्याकडे आहेत त्यालाच ग्रामसभेत उभं राहून काहीतरी ठोस बोलता येतं. दुर्मीळ पाहुण्याचा एक फोटो तिथे फार उपयोगी पडत नाही. 'तो तर चुकून आलेला' म्हणून मोडीत काढता येतो. 'इथे दर हिवाळ्यात इतकी बदकं उतरतात' हे मोडीत काढणं अवघड जातं.

पिशवी नेली का, सायकल चालवली का, याला गुण देणारी ॲप माणसाला चांगला ग्राहक बनवू बघतात. नागरिक विज्ञानातला पहिला शब्द नागरिक आहे. हरकतीचा अर्ज, नोंदवहीत करून घेतलेली दुरुस्ती, समितीच्या बैठकीला लावलेली हजेरी, यांतलं काही कुठल्या ॲपमध्ये मोजलं जात असेल तर मला जरूर सांगा. आणि ते मोजायला घेतलं तर तिथेही हाच गुणांचा घोळ होईल का, अर्जांचा ढीग लावणारे विक्रमवीर निघतील का, ही शंका मला स्वतःलाही आहे. शाळांचे, पक्षिमित्र गटांचे आयोजक आज इथे बरेच दिसताहेत; यावर त्यांचं म्हणणं आधी ऐकू आणि मग बाकीचे प्रश्न घेऊ. माइक मागच्या रांगेतही आहे.